अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या रक्ततपासण्या आणि आमची गंगापूर रोडची लॅब

पॅथॉलॉजी लॅबला लोक रिव्ह्यू देतात तेव्हा स्टाफ चांगला, रिपोर्ट वेळेवर, एसी चालू, एवढं लिहून पाच स्टार देऊन मोकळे होतात. शुगर किंवा थायरॉइड करायचं असेल तर तेवढं पुरतंही. मला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे, पूर्ण मोठ्या आतड्याला सूज आहे, आणि गेली बरीच वर्षं ठरावीक महिन्यांनी रक्त द्यावंच लागतं, फ्लेअर आला, म्हणजे आजार उफाळला, की आठवड्यालाही. आमच्यासारख्यांना लॅब निवडताना वेगळ्याच गोष्टी बघाव्या लागतात आणि त्या कोणी लिहीत नाही, म्हणून लांबलचक लिहितेय. नाशिकमधल्या यूसीवाल्यांना (यूसी म्हणजे हाच अल्सरेटिव्ह कोलायटिस) तरी उपयोग होईल.

आधी सांगते की मी इथे का आले. त्याआधी मी एका ॲपवरून घरी सॅम्पल द्यायचे, नाव घेत नाही. स्वस्त होतं, मुलगा सकाळी सातला दारात हजर, सगळं छान. एका फ्लेअरमध्ये शौचात रक्त चालू होतं, रात्री तीन-तीनदा उठायला लागत होतं, आणि ॲपवरचा सीआरपीचा, म्हणजे अंगातली सूज दाखवणाऱ्या टेस्टचा, ग्राफ मात्र सरळ खाली आलेला, हिरव्या रंगात. आधीचा आकडा १८, नवा २.६. घरचे म्हणाले बघ किती उतरला. सरांनी, म्हणजे माझ्या डॉक्टरांनी, ओपीडीत पीडीएफ उघडली आणि आकड्याच्या शेजारचं बारीक अक्षर वाचलं. १८ होता मिलिग्रॅम पर लिटर, आणि २.६ होता मिलिग्रॅम पर डेसिलिटर, म्हणजे खरा आकडा २६. या वेळचं सॅम्पल त्यांच्या दुसऱ्या शहरातल्या मशीनवर गेलं होतं, तिथलं युनिट वेगळं, आणि ॲपने दोन्ही एकाच रेघेवर काढले. सीआरपी वाढला होता आणि ग्राफ म्हणत होता कमी झाला. कस्टमर केअरचं उत्तर काय तर मॅडम रिपोर्ट बरोबर आहे. रिपोर्ट बरोबरच होता हो, पण पेशंट ग्राफ बघतो ना, आणि त्यावर कोणी स्वतःच्या मनाने स्टेरॉइड कमी केलं तर?

तर या लॅबची पहिली आणि सगळ्यात मोठी जमेची बाजू ही की सीबीसी, सीआरपी, ईएसआर, अल्ब्युमिन इथेच, त्यांच्याच मशीनवर होतं, युनिट बदलत नाही, आणि रिपोर्टवर मागचे तीन आकडे तारखेसकट शेजारी छापून येतात. मी कधी मागितलं नव्हतं, ते आपणहून देतात. आमच्या आजारात एक सुटा आकडा फार काही सांगत नाही, मागच्यापेक्षा वर की खाली हेच बघायचं असतं, आणि ते एकाच लॅबमध्ये सातत्याने केलं तरच कळतं. शंभर रुपये वाचवायला दरवेळी नवी लॅब पकडणाऱ्यांना मी हे कळकळीने सांगते.

आता एकेक टेस्टबद्दल, कारण काउंटरवर उभं राहून काय करायचं आणि काय नाही हे आपल्याला माहीत पाहिजे.

सीआरपी. लिव्हर बनवतं, अंगात सूज वाढली की काही तासांत चढतो आणि सूज कमी झाली की पटकन उतरतो, रक्तातून तो साधारण १९ तासांत निम्मा होतो. म्हणून औषध लागू पडतंय का हे लवकर बघायचं असेल तर हाच. मला ॲडमिट करून शिरेतून स्टेरॉइड चालू केलं होतं तेव्हा सगळे तिसऱ्या दिवसाच्या सीआरपीची वाट बघत होते आणि मला कळेना की तिसराच दिवस का. नंतर सरांनी समजावलं. ऑक्सफर्डच्या डॉक्टरांनी १९९६ मध्ये दाखवलं होतं की तीन दिवस स्टेरॉइड देऊनही दिवसात आठपेक्षा जास्त वेळा शौचाला होत असेल, किंवा तीन ते आठ वेळा आणि सोबत सीआरपी ४५ मिलिग्रॅम पर लिटरच्या वर असेल, तर त्यातल्या साधारण ८५ टक्के पेशंटचं त्याच ॲडमिशनमध्ये आतडं काढायचं ऑपरेशन करावं लागत होतं. तो काळ वेगळा होता, आता अशा वेळी इन्फ्लिक्सिमॅब किंवा सायक्लोस्पोरिन अशी प्रतिकारशक्ती दाबून सूज उतरवणारी औषधं देतात, आणि आपल्याच लुधियानाच्या डॉक्टरांनी स्टेरॉइडसोबत टोफासिटिनिब नावाची गोळी देऊन २०२४ मध्ये दाखवलं की सातव्या दिवसापर्यंत ८३ टक्के लोकांना फरक पडला, नुसत्या स्टेरॉइडवाल्यांमध्ये ५९ टक्के. पण तिसऱ्या दिवशी थांबून बघायचं आणि पुढचं औषध ठरवायचं हा नियम अजून तसाच आहे. एवढ्या साध्या टेस्टवर एवढा मोठा निर्णय टेकलेला असतो, म्हणून मला युनिटच्या गोंधळाचा इतका राग येतो.

पण सीआरपी नॉर्मल आला म्हणून आतडं शांत आहे असं धरू नका. क्रोन्समध्ये (आतड्याच्या सुजेचा दुसरा आजार) तो जसा चढतो तसा यूसीमध्ये बऱ्याच जणांत चढतच नाही, खासकरून सूज फक्त गुदाशयात असेल तर. माझा चढतो, त्यामुळे माझ्यासाठी तो कामाचा. आमच्या ओळखीतल्या एका काकूंचा भरपूर रक्त जात असतानाही पाचच्या आत असायचा आणि घरचे म्हणायचे रिपोर्ट तर नॉर्मल आहे मग रडतेस कशाला. वाईट वाटतं ऐकून. प्रत्येकाने आपल्या एखाद्या नक्की फ्लेअरच्या वेळचा सीआरपी जपून ठेवावा, तो चढलेला असेल तर पुढे या टेस्टवर भरवसा ठेवता येतो, नसेल तर दुसरं काहीतरी बघायचं.

ईएसआर, म्हणजे नळीत लाल पेशी किती वेगाने खाली बसतात ते, जुनी टेस्ट, स्वस्त, आणि हल्ली तिला कोणी विचारत नाही पण यूसीमध्ये तिचं वजन आहे. ट्रूलव्ह आणि विट्स या दोघा डॉक्टरांनी १९५५ मध्ये गंभीर कोलायटिस कशाला म्हणायचं ते ठरवून दिलं आणि तेच माप आजही वापरतात: दिवसात सहा किंवा जास्त वेळा रक्ताचे जुलाब, आणि सोबत यातलं एक तरी, नाडी ९० च्या वर, ताप ३७.८ सेल्सिअसच्या वर, हिमोग्लोबिन १०.५ च्या खाली, ईएसआर ३० च्या वर. यातलं नाडी-ताप घरी मोजता येतं आणि उरलेलं दोन कुठल्याही गल्लीतल्या लॅबमध्ये होतं. मला हे फार धीराचं वाटतं की आपण किती आजारी आहोत हे कळायला लाखाची टेस्ट लागत नाही. मात्र ईएसआर हळू उतरतो, आणि रक्त कमी असेल तर त्यानेही वाढतो, त्यामुळे फ्लेअर संपल्यावरही काही दिवस तो जास्त दिसला तर घाबरू नका. अजून एक, याचं रक्त फार वेळ पडून राहिलं की आकडा बिघडतो, चार तासांच्या आत लावलेलं बरं. इथे सॅम्पल घेणारे दादा नळीवर वेळ पेनाने लिहितात आणि मी स्वतः बघितलंय की दहा मिनिटांत ती नळी आत स्टँडला उभी असते. घरी येऊन सॅम्पल नेणाऱ्यांच्या बॅगेत ती दुपारपर्यंत फिरत असते.

अल्ब्युमिनबद्दल जरा जास्त लिहिते कारण या टेस्टला कोणी मोजतच नाही. दोन-अडीचशे रुपयांच्या आत होते. हेही लिव्हरच बनवतं, पण सूज जोरात असली की लिव्हर ते बनवायचं कमी करतं आणि जखमी आतड्यातून ते गळूनही जातं. सीआरपी आजची स्थिती सांगतो तर अल्ब्युमिन मागच्या दोन-तीन आठवड्यांची, कारण ते रक्तात तितके दिवस टिकतं. ॲडमिट झालेल्या यूसी पेशंटमध्ये अल्ब्युमिन ३ ग्रॅम पर डेसिलिटरच्या खाली असेल तर स्टेरॉइडला दाद न देण्याची शक्यता जास्त, हे एडिंबराच्या डॉक्टरांनी २००४ मध्ये त्यांच्या स्कोअरमध्येच घातलं. आणि इन्फ्लिक्सिमॅब घेणाऱ्यांनी तर हे नक्की बघावं. ज्यांचं अल्ब्युमिन कमी त्यांच्या शरीरातून ते महागडं औषध लवकर निघून जातं, काही तर शौचावाटे जातं, मग डोस देऊनही उपयोग दिसत नाही आणि लोक म्हणतात औषधच फेल गेलं. माझं पहिलं इन्फ्लिक्सिमॅब देण्याआधी सरांनी सगळ्यात आधी हाच आकडा विचारला होता. बऱ्याच लॅब अल्ब्युमिन सुटं करत नाहीत, पूर्ण एलएफटी (लिव्हरच्या सगळ्या टेस्ट) घ्या म्हणतात. इथे सुटं करून देतात, आणि पावतीवरही सुटंच लावतात.

हिमोग्लोबिन आणि फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा. इथे लॅबच्या मॅडमचं कौतुक करायलाच हवं, त्या स्वतः एमडी आहेत आणि रिपोर्टवर सही करण्याआधी वाचतात. माझं हिमोग्लोबिन ९ च्या घरात, फेरिटिन ६०, रिपोर्टच्या रेंजमध्ये नॉर्मल. मॅडमनी फोन केला, म्हणाल्या, 'ताई, सीआरपी वाढलेला असताना फेरिटिन खोटं जास्त दिसतं, हे ६० बघून लोह भरपूर आहे असं समजू नका, सरांना ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन विचारा.' सरांनी ती टेस्ट (रक्तात लोह किती फिरतंय ते) करायला सांगितली, २० टक्क्यांच्या बरंच खाली आलं. सूज असताना फेरिटिन १०० पर्यंत असलं तरी लोह कमी असू शकतं, सूज नसेल तेव्हा ३० ची रेघ धरतात. मग शिरेतून लोह दिलं, कारण गोळ्यांनी माझं पोट अजूनच बिघडायचं. तो एक फोन आला नसता तर मी अजून काही महिने जिना चढताना धापा टाकत राहिले असते.

प्लेटलेट जास्त दिसल्या तर लगेच गुगल करू नका, सुजेत आणि लोह कमी असताना त्या वाढतात. आणि हल्ली सीबीसीमधल्या न्यूट्रोफिलला लिंफोसाइटने (दोन्ही पांढऱ्या पेशींचे प्रकार) भागून मोबाइलवर स्वतःची सिव्हिअरिटी काढायची पद्धत आलीय, त्यावर अभ्यास झालेत हे खरं, पण तुम्ही स्टेरॉइडवर असाल तर न्यूट्रोफिल तसेच वाढतात, त्या भागाकाराला मग अर्थ राहत नाही.

आता औषधाआधीच्या टेस्ट. ॲझाथायोप्रिन, म्हणजे प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी, चालू करायच्या आधी टीपीएमटी आणि एनयूडीटी१५ अशा दोन जीनच्या टेस्ट असतात. आपल्याकडे दुसरी जास्त कामाची, कारण तो बदल आशियातल्या लोकांत जास्त आढळतो, २०१४ मध्ये कोरियातल्या पेशंटवरून तो लक्षात आला. ज्यांच्यात तो असतो त्यांच्या पांढऱ्या पेशी नेहमीच्या डोसने धाडकन खाली येतात आणि केस मूठमूठ गळतात. म्हणजे ही टेस्ट औषध लागू पडेल का ते सांगत नाही, झेपेल का ते सांगते. ही इथे होत नाही, मुंबईला पाठवतात, आणि ते आधीच स्पष्ट सांगतात की बाहेर जाणार, इतके दिवस लागणार. मला हा सरळपणा आवडतो. टेस्ट नॉर्मल आली तरी सुरुवातीला वरचेवर सीबीसी करावंच लागतं, ते चुकवू नका.

इन्फ्लिक्सिमॅबच्या आधी टीबीची टेस्ट, क्वांटिफेरॉन. आपल्या देशात हे अजिबात टाळायचं नाही, अंगात झोपलेला टीबी या औषधाने जागा होतो. हिच्या चार वेगळ्या नळ्या असतात, करड्या, हिरव्या, पिवळ्या आणि जांभळ्या टोपणाच्या, प्रत्येकीत साधारण एक मिली रक्त, आणि घेतल्यावर प्रत्येक नळी दहा वेळा वरखाली हलवायची म्हणजे आतल्या भिंतीला लावलेलं रसायन रक्तात मिसळतं. दादांनी माझ्यासमोर मोजून हलवल्या, मग नळ्या इन्क्युबेटरमध्ये ठेवायच्या वेळेची नोंद केली. हे बघून बरं वाटलं, कारण नीट हलवलं नाही तर रिपोर्ट चुकू शकतो किंवा ठरवता येत नाही असा येतो, आणि मग औषधच लांबतं. जास्त स्टेरॉइड चालू असेल तरी तसं होतं, तेव्हा जमलं तर ही टेस्ट आधीच करून ठेवा.

इन्फ्लिक्सिमॅब लेव्हल, म्हणजे रक्तात ते औषध किती उरलंय, ही सगळ्यात महाग पडली, काही हजार गेले, पण ते पैसे वाया गेले असं मी म्हणणार नाही. औषध चालू असून त्रास परत सुरू झाला तेव्हा केली. काउंटरवरच्या मुलीने पहिला प्रश्न विचारला की पुढचं सलाईन कधी आहे, कारण हे रक्त पुढच्या डोसच्या अगदी आधी द्यायचं असतं, मधेच दिलं तर आकड्याला काही अर्थ नाही. हे तिला माहीत होतं, हीच मोठी गोष्ट. त्रास चालू असताना लेव्हल ५ च्या खाली आणि शरीराने औषधाविरुद्ध अँटिबॉडी केलेल्या नसतील तर डोस वाढवून किंवा अंतर कमी करून बघतात. लेव्हल कमी आणि अँटिबॉडी खूप, तर औषध बदलतात. लेव्हल चांगली असून त्रास तसाच, म्हणजे या पद्धतीने काम करणाऱ्या औषधाचा तुम्हाला उपयोगच नाही. माझी पहिली तऱ्हा निघाली, अंतर कमी केलं, आणि तेच औषध अजून चालू आहे. ट्रीटमेंटला शरीर कसा प्रतिसाद देतंय हे सांगणाऱ्या टेस्टमध्ये माझ्या मते आज हिच्याइतकी उपयोगी दुसरी नाही.

कॅलप्रोटेक्टिन ही रक्ताची नाही, शौचाची टेस्ट, पण तिच्याशिवाय हा रिव्ह्यू अपुरा राहील कारण आतड्यातली सूज ती सीआरपीपेक्षा चांगली पकडते. त्रास नसलेल्या माणसाचा आकडा १५० च्या आत असेल तर आत सूज नसावी असं धरून दुर्बिणीने आतडं बघायची तपासणी टाळता येते, अमेरिकन गॅस्ट्रोच्या संस्थेने २०२३ मध्ये तसं लिहून दिलंय. आयबुप्रोफेनसारख्या पेनकिलरने आकडा वाढतो, घेतली असेल तर सांगा. डबी देताना इथली मुलगी शांतपणे, हळू आवाजात समजावते, लोकांसमोर ओरडून नाही, आणि कागदी पिशवी देते. या आजारात आधीच खूप लाज गिळावी लागते, म्हणून मला याचं मोल आहे.

आणि आता ज्या गोष्टीमुळे मी या लॅबला खरंच मानते ती. मध्ये मला एका ठिकाणाहून सारखे मेसेज येत होते, 'गट हेल्थ' (गट म्हणजे इंग्रजीतलं आतडं) पॅकेज, एका रक्ताच्या थेंबात तुमचा कोलायटिस किती वाढणार आणि कुठलं औषध लागू पडणार ते कळेल, किंमत पाच आकडी. मी मॅडमना विचारलं की तुमच्याकडे असं काही आहे का. त्या सरळ म्हणाल्या, 'नाही, आणि असं खात्रीने सांगणारी टेस्ट आज कोणाकडेच नाही, ते पैसे कॅलप्रोटेक्टिनला ठेवा.' विकता आलं असतं त्यांना, पण नाही विकलं.

मी नंतर बरंच वाचलं आणि त्यांचं म्हणणं पटलं. संशोधन जोरात चालू आहे आणि मला त्याची मनापासून आशा आहे. जपानमध्ये क्योटोच्या लोकांना २०२१ मध्ये एक अँटिबॉडी सापडली, इंटिग्रिन अल्फा-व्ही-बीटा-६ विरुद्धची, यूसीच्या दहातल्या नऊ पेशंटमध्ये ती होती. मग अमेरिकन सैन्याने साठवून ठेवलेल्या रक्तात ती काहींमध्ये आजाराचं निदान व्हायच्या दहा-दहा वर्षं आधीच दिसली. केवढी मोठी गोष्ट आहे ही! जपानमध्ये एलआरजी नावाचं प्रोटीनही मोजतात, सीआरपी ज्यांचा चढत नाही अशांना त्याचा उपयोग होतो. पण रक्त बघून आधीच औषध ठरवायचं यावर ब्रिटनमध्ये जी मोठी ट्रायल झाली, क्रोन्सच्या ३८६ पेशंटवर, तिचा निकाल २०२४ मध्ये आला आणि जीनची ती टेस्ट काही उपयोगाची ठरली नाही. उलट ज्यांना सुरुवातीलाच जोरदार औषध दिलं त्यांच्यातले ७९ टक्के स्टेरॉइड आणि ऑपरेशनशिवाय वर्षभर नीट राहिले, हळूहळू चढवत नेणाऱ्यांमध्ये फक्त १५ टक्के, आणि टेस्ट काहीही म्हणत असली तरी हा फरक तसाच होता. तो आजार यूसीचा नाही हे लक्षात ठेवून सांगते, पण एवढी नावाजलेली टेस्ट नीट तपासल्यावर टिकली नाही, तर मेसेजमधून येणाऱ्या पॅकेजवर कोणी कसा विश्वास ठेवावा. कोणी विकायला आलं तर एवढंच विचारा की हा रिपोर्ट बघून माझे डॉक्टर नेमकं काय बदलतील.

आणि यूसी म्हणजे परदेशातला आजार, आपल्या लॅबना कशाला माहीत असायला हवं, असंही नाही. पंजाबमध्ये घरोघर जाऊन केलेल्या आणि २००३ मध्येच छापून आलेल्या सर्व्हेत लाखात ४४ जण निघाले होते.

तक्रारी आहेत. लॅब पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही, हिमोग्लोबिन ८ असताना तो जिना म्हणजे शिक्षा. एखादं सॅम्पल खाली घ्यायची सोय त्यांनी करावी, मी दोनदा सांगितलंय. बाहेर पाठवलेल्या टेस्टचा रिपोर्ट सांगितलेल्या दिवशी क्वचितच येतो, आपणच फोन करावा लागतो. व्हॉट्सॲपवर पाठवतात तो कधीकधी कागदाचा फोटो असतो, मोबाइलवर वाचताना डोळे दुखतात, नीट पीडीएफ मागून घ्या. रेट ॲपवाल्यांपेक्षा थोडे जास्त आहेत.

टॉयलेट वेटिंगच्या अगदी शेजारी आहे, स्वच्छ आहे, किल्ली मागावी लागत नाही, पाणी असतं. फ्लेअरमधल्या माणसाला घराबाहेर पडायचं का नाही हे यावर ठरतं, त्यामुळे याचा अर्धा स्टार वेगळा. माझ्या शिरा स्टेरॉइड आणि सलाईनने पार गेल्यात, तरी दादा बारीक सुई घेऊन, हात आधी कोमट पाण्याच्या पिशवीने शेकवून बहुतेक एका टोचण्यात काढतात.

साडेचार स्टार. सीबीसी, सीआरपी, अल्ब्युमिनला उपाशी जायची गरज नाही, चहा-बिस्किट खाऊन जा. सकाळी साडेसात ते नऊ गर्दी असते, साडेनऊनंतर गेलात तर लगेच नंबर लागतो आणि संध्याकाळी सातच्या आत इथे होणाऱ्या टेस्टचा रिपोर्ट मिळतो. क्वांटिफेरॉन आणि लेव्हल शनिवारी देऊ नका, रविवारी बंद असतं.